मामाचे मोर

सावली या गावात माझं फोटोचं दुकान आहे. ओळखपत्राचे फोटो, लग्नाचे अल्बम, वाढदिवसाचे बॅनर, जे येईल ते करतो. येणाऱ्या प्रत्येकाला थोडं गोरं करून द्यायचं, हा आमचा मुख्य धंदा. म्हणून एक मुलगी स्वतःच्या लग्नाच्या आठवडाभर आधी येऊन म्हणाली, "दादा, हे मोर मातीच्या भिंतीवर काढल्यावानी करून द्या," तेव्हा मी खुर्चीच पुढे ओढली. असलं काम रोज कुठे येतं?

त्यांच्या घरची रीत अशी, की लग्नघराच्या दाराशेजारच्या भिंतीवर मामानं मोरांची जोडी काढायची. हिच्या दोन्ही बहिणींच्या लग्नात मामानं काढली होती. आता लकव्यानं त्याचा उजवा हात गेला. "रिकाम्या हातानं मांडवात येऊन काय करू?" म्हणत तो आपल्या गावी रुसून बसला होता. हिनं समजूत घातली, की मोर तुझेच, कॉम्प्युटरवाले दादा फक्त भिंतीवर आणून देतील. त्यावर मामा म्हणाला, "पायतो येऊन. पण कागद चिकटवल्यावानी दिसलं, त दारातूनच वापस जाईन."

"मामा नाई आला त मले लग्न लागल्यासारखंच नाई वाटणार," असं सांगताना तिचे डोळे भरले. मग काय, मी इरेला पेटलो.

तिच्या बहिणीच्या लग्नाच्या फोटोत वऱ्हाडाच्या मागे मामाचे मोर होते. ते कापून घेतले. एका पिसाऱ्यासमोर कुणी काका छाती काढून उभे होते, त्यांना हटवलं. मग तिच्या घरी जाऊन त्याच भिंतीचा फोटो काढला, तोही सकाळच्या तिरप्या उन्हात, कारण डोक्यावरच्या उन्हात खडबडीत भिंतही सपाट दिसते. संगणकात भिंतीच्या फोटोवर मोर ठेवले आणि त्यांचा रंग असा मुरवला, की मागची प्रत्येक भेग, मातीतली तणसाची काडीन् काडी मोरांतून दिसू लागली. भिंतीला जिथे उंचवटा, तिथे मान जराशी वाकवली. शेवटी हौसेनं दोनचार जागी रंगाचे पोपडेही उडवले. चंद्रपुराहून ते बिनचमकीच्या कापडावर छापून आणलं, खळ लावून भिंतीवर बसवलं आणि कडांवरून ओल्या मातीचं बोट फिरवलं. चार पावलं मागे सरून पाहिलं. आपलीच पाठ आपल्याला थोपटता येत नाही, याचं तेव्हा फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मामा येणार होता. त्याचा चेहरा टिपायला मी कॅमेरा घेऊन आधीच हजर झालो. पाहतो तर भिंत कोरी! कोरी आणि ओली.

भिंतीपुढे नवरीची आत्या उभी होती, कोपरापर्यंत मातीनं माखलेली. ती सकाळीच अहेरीहून आली होती, आणि लग्नाआधी भिंती पोतारायच्या, म्हणजे पातळ मातीचा हात फिरवून नव्या करायच्या, हा तिचा मान. तिनं मान राखला होता. नवरी दारात मटकन बसली. मी कॅमेरा खाली घेतला. तेवढ्यात मामा ऑटोतून उतरला.

"कुठी हायेत मोर?" त्यानं विचारलं.

"पोतारले न भाऊ," आत्या म्हणाली. "तुमचेच होते, मांगच्या लग्नातले. पोपडे निघाले होते. जुन्या मोरावर नवीन लग्न लागते का?"

मामानं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि काय हसत सुटला म्हणता! काठी टेकत तो भिंतीपाशी गेला. "बाई माहेच मोर समजून पोतारून बसली," तो मला म्हणाला, "आता अजून काय पाह्यजे?" मग त्यानं गेरू मागवला, काठी माझ्या हातात दिली आणि डाव्या हाताचं बोट ओल्या मातीवर टेकवलं.

मोर झाले म्हणजे काय, झाले. एकाची मान नागमोडी, दुसऱ्याचे पाय कोंबडीचे. लग्नाच्या दिवशी वरपक्षातल्या एकानं विचारलंच, "भाऊ, कोंबडी काऊन काढली?"

"मोरच हाये," मामा म्हणाला. "वऱ्हाड पाहून घाबरला."

नवरी रडता रडता हसली. मामा हळद आणि लग्न, दोन्ही दिवस मांडवात होता, आणि पंगतीत सर्वांत मोठा आवाज त्याचाच.

ती आता बल्लारपुरात नांदते. परवा दुकानात आली. तिच्या खोलीच्या गुळगुळीत भिंतीवर लावायला तिला त्या मोरांचा फोटो मोठा करून हवा होता. मी फोटो उघडला आणि सवयीनं मानेची ती नागमोडी रेघ सरळ करायला लागलो. तिनं माझं मनगट धरलं.

"ते नका पुसू, दादा. तिथी मामाचा हात थरथरला हाये."