कागदावरचा हुवैदी

जादल्ला रक्ताने जराबी घराण्याचा, पण सरकारदप्तरी हुवैदी. नाब्लुसच्या डोंगरातल्या त्या गावात हे गुपित कुत्र्या-मांजरांनासुद्धा ठाऊक होतं! तुर्की सुलतानाचे शिरगणतीवाले आले तेव्हा बापाने दोन वर्षांचं पोर उचललं आणि शेजारच्या हुवैदी विधवेच्या मांडीवर नेऊन ठेवलं. विधवेच्या एकुलत्या एका पोराला लष्करात नेत नसत ना! "नाव कुणाचंही लागू दे, पोर तर वाचेल," बाप म्हणाला. त्याचं तरी काय चुकलं? येमेनच्या लढाईवर गेलेला कधी परत आलाय? असं बऱ्याच घरांनी केलं होतं.

पुढे जादल्लाने आपला एकुलता एक मुलगा धियाब याचंही नाव त्याच विधवेच्या घरचा एकुलता वारस म्हणून लावलं, म्हणजे त्यालाही लष्करातून सूट. जमीन मात्र जराब्यांची कसायची, ऑलिव्ह थोरल्या भावाबरोबर, हम्मादबरोबर, एकाच घाण्यात गाळायचे. पन्नाशीपर्यंत सगळं सुरळीत चाललं. कागद काढून बघतो कोण!

मग विहिरीवरच्या भांडणात एका हुवैदी तरुणाच्या हातून माणूस मेला. आमच्याकडचा रिवाज म्हणजे रिवाज. मारेकऱ्याच्या पाच पिढ्यांच्या भाऊबंदांनी तीन दिवसांत गाव सोडायचं. आणि मेल्याचा चुलता हटूनच बसला, की जादल्लाही जाईल. फैसला दुसऱ्या दिवशी मुखत्याराच्या, म्हणजे गावच्या पाटलाच्या, बैठकीत व्हायचा होता. नेमका त्याच आठवड्यात लष्करभरतीचा हवालदार गावात मुक्कामाला! दुष्काळात तेरावा महिना, दुसरं काय?

जादल्ला दुपारी हम्मादच्या शेतावर गेला.

"दादा, उद्या तुला विचारतील, जादल्ला तुझा भाऊ का. नाही म्हण."

"जीभ झडेल माझी!"

"झडू दे. तू हो म्हणालास तर मी राहीन, पण हवालदार तिथंच बसलाय. कागद खोटा ठरला की धियाबला धरून नेईल."

"अरे, एका आईचं दूध प्यायलोय आपण."

"आई गेली, दादा. तिला कोण साक्षीला बोलावतंय?" जादल्ला बांधावर बसला. "मला भांडायचं त्राण नाही राहिलं. मी आपला जातो. पोराला तेवढं वाचव."

हम्माद मातीचं ढेकूळ हातात चुरत राहिला.

दुसऱ्या दिवशी बैठक गच्च भरली. मेल्याचा चुलता सगळ्यांदेखत म्हणाला, "काय रे जादल्ला, आजवर हुवैद्यांच्या नावाच्या सावलीत बसलास, मग आता ऊन कुणी सोसायचं? आम्ही?" चारदोन जण हसले. हसायला काय जातं लोकांचं!

मुखत्यार म्हणाला, "हम्माद, तूच सांग. हा तुझा भाऊ का? हो म्हणालास तर हा राहील."

हवालदाराने कॉफीचा पेला खाली ठेवला आणि वही उघडली.

हम्मादने त्या वहीकडे पाहिलं. मग म्हणाला, "हा हुवैद्यांचा. माझा कुणी लागत नाही."

जादल्लानेच शिकवलेलं वाक्य होतं ते. हवालदाराने वही मिटली. जादल्ला उठला, सगळ्यांना सलाम करून घरी गेला आणि खेचरावर सामान लादायला लागला. हम्माद निरोपाला आला नाही. कुठल्या तोंडाने येणार होता?

"भाऊ म्हणे! वेशीपर्यंत पाय उचलवला नाही मेल्याला," जादल्लाची बायको खझना वाटभर धुसफुसत होती.

"गप गं. मीच सांगितलं होतं त्याला."

"सांगितलंत म्हणून काय झालं? येऊ नये माणसानं?"

जादल्लाने खेचराला पुढे हाकललं.

जॉर्डन नदी ओलांडून ते पलीकडच्या डोंगरात राहिले. दुसऱ्यांच्या शेतात राबले, दोनदा छप्पर उडालं, दोनदा घातलं. धियाबचं लग्न झालं, तीन मुलगे झाले. तिघेही हुवैदी. लष्कराचे शिपाई तिथंही येतच होते.

बारा वर्षांनी गावाकडचा एक फेरीवाला मीठ-सुया विकत दारात आला. तरणा पोरगा, त्याला जुनं काही माहीत नव्हतं. यांना हुवैदीच समजणारी धियाबच्या सासरची मंडळीही बसली होती. फेरीवाला गावच्या खबरी सांगत सुटला. मुखत्याराने दुसरी बायको केली, अंजिरांना कीड लागली.

"आणि तो हम्माद जराबी वारला, गेल्या उन्हाळ्यात. ओळखत होतात का हो तुम्ही?"

धियाबने मान वर करून बापाकडे पाहिलं.

"तोंडओळख होती," जादल्ला म्हणाला. "अल्ला त्याच्यावर दया करो."

माणूस गेला की त्याच्या भावाने तीन दिवस बैठक मांडून बसायचं, गावाने यायचं, कडू कॉफी प्यायची. जादल्ला कुणासाठी आणि कसा बसणार? तोंडओळखीच्या माणसाचा दुखवटा पाळतं का कुणी? पाव्हणे गेल्यावर तो घरामागे जाऊन दगडावर टेकला. आयुष्यभराचा शिणवटा एकदमच अंगावर आला, बिचाऱ्याच्या.

थोड्या वेळाने खझना आली. हातात बिनसाखरेच्या कॉफीचा पेला. डोक्यावरची ओढणी नीट करून, परक्या घरी समाचाराला आलेल्या बाईसारखी ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि 'धियाबचा बाप' या मानाच्या नावाने बोलली.

"तुमचा भाऊ गेला हो, अबू धियाब. अल्ला तुम्हाला धीर देवो."