काकांच्या चुका

बटणवाले काका मुलखाचे हट्टी. बटणं, चेन, लेस यांचं ते दुकान चाळीस वर्षं नवराबायकोंनी मिळून चालवलं, पण काउंटरवर बिलाचं यंत्र बसवायचं म्हटल्यावर यांनी आकाशपाताळ एक केलं. बसवलं ते काकूंनीच. कारणही तसंच होतं. लेकीची बाळंतपणाची रजा संपत आली होती, नात कुणापाशी राहीना, आणि काकूंना सहा महिन्यांसाठी दूरदेशी तिच्याकडे जावं लागणार होतं. या यंत्रात घातलेली मालाची सगळी नोंद म्हणे ढगात, त्या क्लाउडमध्ये, जाते. म्हणजे काकू तिकडे बसून मोबाइलवर इथली पेटी न् पेटी बघू शकणार.

सहा महिन्यांचे चौदा झाले. काकांना घर खायला उठायचं, पण बायकोची आठवण येते असं कबूल करतील तर शपथ! फोनवर जेवलात का, औषध घेतलंत का, हो, हो, की संपलं.

मग एकदा नव्या मालाची नोंद करताना बारा डझनांचे एकशेवीस डझन झाले. पाच मिनिटांत काकूंचा फोन. एवढी बटणं काय अंगाला लावून फिरणार आहात का, म्हणून अर्धा तास झाडलं. काकांना इतकं बरं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. बस्स, उपाय सापडला. सोमवारी लाल चेन निळ्यात, गुरुवारी हूक लेसमध्ये. फोन यायचाच. दुपारी गिऱ्हाईक नसे, तेव्हा हे स्टुलावर बसून निवांत बोलणी खात आणि गालातल्या गालात हसत.

मागच्या आठवड्यात मात्र त्यांनी कोटाची बटणं सरळ इलॅस्टिकमध्ये घातली, तरी फोन आला नाही. स्क्रीनवर बघतात तर नोंद तिकडून गुपचूप दुरुस्त झालेली. पुन्हा चूक केली, पुन्हा दुरुस्त. तीन दिवस हेच. काकांचा जीव टांगणीला लागला. रागावली असेल? आजारी असेल? की तिकडेच रमली? चौथ्या दिवशी हट्ट बाजूला ठेवून त्यांनीच फोन लावला आणि विचारलं, हल्ली रागावत का नाहीस.

 काकूंच्या मागे नात काहीतरी आपटत होती.

"मुद्दाम चुकता, हे मला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "मीही वाटच बघायचे. पण तुमचा आवाज ऐकला की इथे पाय ठरत नाही हो. परवा बॅग भरून बसले होते, तर लेक रडायला लागली. अजून वर्षभर तरी राहायला हवं मला. आता नका ना चुकू."

काका नुसतं हं म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांनी डोळे पुसले, सकाळी आलेला माल पुढ्यात ओढला आणि पुडे एकेक करून मोजले. पुन्हा एकदा मोजले. मग यंत्रात आकडा घातला, अगदी बरोबर.