शेवटच्या बाकापर्यंत

आमच्या डॉक्टरबाईंनी पप्पांच्या पार्किन्सन्सवर सहा महिने खांद्याचं मलम दिलं.

डावा हात वर जात नव्हता, दुखायचा. फ्रोझन शोल्डर, बाई म्हणाल्या. घाटकोपरच्या आमच्या गल्लीत त्यांचा दवाखाना माझ्या जन्माआधीपासूनचा. शंका कोण घेणार?

मग एकदा पप्पा येताना बाईंना खिडकीतून दिसले. आत आल्या आल्या त्यांनी पप्पांना टेबलापासून वजनकाट्यापर्यंत तीनदा चालवलं.

चालताना डावा हात हलतच नव्हता.

"चूक माझी झाली," बाई म्हणाल्या. "हे खांद्याचं नाही." न्यूरोलॉजिस्टला फोनही स्वतःच केला.

निदान पक्कं झालं तेव्हा मी दवाखान्यात जाऊन फुल आवाजात ओरडलो. "सहा महिने, बाई?"

"ओरड. हक्क आहे तुझा. झालं की बस, गोळ्या समजावते."

बसलो. दुसरं काय करणार?

त्यानंतर गल्लीत कुणाचाही खांदा दुखला की बाई आधी त्याला चालायला लावायच्या. लोक हसायचे. बाईंना फरक पडला नाही.

पप्पांची गोळी जेवणाआधी अर्धा तास. मनाने बंद करायची नाही. झोप लागते का, पोट साफ होतं का, सगळं विचारायच्या.

एकदा बाईंनी पप्पांना विचारलं, "दादा, तुम्हाला काय अजिबात सोडायचं नाही?"

पप्पा रविवारी विहारात वंदना घेतात. या आजारात आवाजही बारीक होतो. मागच्यांना ऐकू यायचं नाही. "आता दुसऱ्या कुणाला तरी सांगतो," असं पप्पा म्हणायला लागले होते.

"कुणाला सांगायचं नाही," बाई म्हणाल्या.

स्पीच थेरपिस्टकडे पाठवलं. शिवाय दर भेटीत केबिनचं दार लावून वंदना म्हणायला लावायच्या. बाहेर शेवटच्या बाकावर कंपाउंडर सुलभाताई. ऐकू आलं तर त्यांनी बाकावर टकटक करायची.

टकटक आली नाही की बाई म्हणायच्या, "परत. पोटातून."

कित्येक महिने आली नाही. पप्पा घरी इतका सराव करायचे की शेजारीण आईला म्हणाली, "काय गं, रोज भांडता काय?"

बाई परवा गेल्या.

आज सकाळी विहारात त्यांची शोकसभा होती. पप्पांनी घड्याळ बघून गोळी घेतली. उभे राहिले आणि माईक बाजूला ठेवला. हात थरथरत होता. एरवी खिशात घालतात, आज घातला नाही.

पूर्ण वंदना घेतली. माझे पप्पा. मला इतका अभिमान आयुष्यात कशाचाच वाटला नव्हता, त्यांचा आणि चूक कबूल करणाऱ्या त्या बाईंचा.

सुलभाताई सगळ्यात मागे, दाराशी बसल्या होत्या. बाक नव्हता.

वंदना संपली तशी त्यांनी दारावर टकटक केली.

बाई, ऐकू आलं.

जय भीम.