घरून आलेलं पाकीट

माझी मावशी फादरांच्या कॉलेजात कारकून. मुलं रिट्रीटला, म्हणजे प्रार्थनेच्या शिबिराला निघाली, की ती त्यांच्या घरून गुपचूप पत्रं मागवते आणि शेवटच्या प्रार्थनेनंतर वाटते.

एका मुलाने घरी सांगितलं होतं, की माझं एका मुलावर प्रेम आहे. तेव्हापासून बापाने बोलणं टाकलेलं. तरी त्याचंही पाकीट आलं, चांगलं जाडजूड. मावशीचा जीव भांड्यात पडला.

वाटप झालं. मुलं वाचता वाचता डोळे पुसत होती. मावशी त्या मुलाच्या मागून गेली, तर हातात चार कोरे कागद! चारचौघांत शोभा नको, म्हणून बापाने नुसतं पाकीट भरलं होतं. मावशी अजून त्या बापाला शिव्या घालते.

मुलगा मात्र एकेक पान सावकाश उलटत राहिला.

"काय लिहिलंय रे?" शेजारच्याने विचारलं.

"लवकर घरी ये म्हणालेत."