आबांच्या डब्याचं कपाळ

आठव्यांदा पॉवर दिली तरी दिवा निळाच लागला. मला पिवळा हवा होता.

काळाचौकीच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, मी जमिनीवर मांडी घालून बसले होते. समोर स्टुलावर काळा डबा, मांडीवर लॅपटॉप, हातात सेफ्टी पिन. शनिवारची दुपार, दोन वाजलेले. खाटेवर आबा, म्हणजे माझ्या बॉसचे वडील, आणि दारात स्वतः बॉस. ते उंबऱ्यावर उभं राहून नखं खात होते. ऑफिसात त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगते, मला मजा येत होती.

बॉस म्हणजे सावंत सर. परळच्या एका विमा कंपनीत ते आयटी हेड आहेत आणि मी सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर. पदाचं नाव भारदस्त आहे. प्रत्यक्षात मी दिवसभर लोकांचे विसरलेले पासवर्ड बदलून देते. त्यामुळे आदल्या दिवशी सर माझ्या टेबलाशी येऊन कुजबुजले तेव्हा मी कान टवकारले.

"कांबळे मॅडम, उद्या दुपारी फ्री आहात? जरा पर्सनल आहे."

"काय झालं, सर?"

"बाबांचा नॅस उघडत नाही. आणि हे ऑफिसात कुणाला बोलू नका."

नॅस म्हणजे घरातल्या वायफायला जोडलेली मोठी हार्ड डिस्क. साध्या डिस्कला डोकं नसतं, हिला असतं. त्या डोक्याला फर्मवेअर म्हणतात. डबा चालू झाला की काय करायचं, कुणाला आत घ्यायचं, हे सगळं फर्मवेअर ठरवतं. आबांच्या डब्याचं फर्मवेअर ज्या कंपनीने लिहिलं, तिने नंतर त्या डब्यांची वेबसाइटच बंद करून टाकली. डबा मात्र बंद करून चालू केला की दर वेळी त्याच वेबसाइटवर जाऊन परवानगी मागायचा. चाळीत वायरिंगचं काम निघालं, दिवसभर लाइट नव्हती. लाइट आल्यावर डबा परवानगी मागायला गेला तर तिथे कुणीच नाही. तेव्हापासून तो दार लावून बसला होता.

"डिस्क काढून दुसरीकडे लावली तर?" मी विचारलं होतं.

"लावून बघितली. आतलं सगळं लॉक आहे. किल्ली डब्याच्याच चिपमध्ये."

आता आत काय होतं ते सांगते. आबा गिरणीत होते, आणि गिरणी सुटली की चाळीच्या भजन मंडळात पखवाज वाजवायचे. मंडळाचे बुवा त्यांचे थोरले भाऊ, सगळे त्यांना दादा म्हणायचे. दादा जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांची भजनं कॅसेटवर होती. सरांनी त्या कॅसेट हौसेने कॉम्प्युटरवर उतरवल्या, या डब्यात टाकल्या आणि मूळ कॅसेट भंगारवाल्याला देऊन मोकळे झाले.

हेच सावंत सर दर तीन महिन्यांनी अख्ख्या ऑफिसला मेल पाठवतात, "एकच कॉपी असेल तर तिला बॅकअप म्हणू नये." ठळक अक्षरांत.

रविवारी मंडळाची डबलबारी होती. डबलबारी म्हणजे दोन बुवा समोरासमोर बसतात, आळीपाळीने भजनं म्हणतात आणि गाता गाता एकमेकांना चिमटे काढतात. दादांनी स्वतः बांधलेला एक गजर, म्हणजे सगळ्यांनी मिळून चढत्या लयीत म्हणायचा भाग, मंडळाला यंदा परत म्हणायचा होता. शब्द वहीत होते, पण चाल कुणालाच अर्ध्याच्या पुढे आठवेना. शनिवारी सहा वाजता शेवटची तालीम होती.

"आबा, तुम्ही तर प्रत्येक बारीला सोबत होता ना?" मी विचारलं.

"ठेको माका ठावक आसा गो. चाल नाय. माझा सगळा लक्ष हातार." आबा म्हणाले आणि खिडकीकडे बघायला लागले.

सरांना सांगितलं नाही, पण शुक्रवारी रात्री मला आनंदाने झोप लागली नव्हती. अशा टाकून दिलेल्या डब्यांसाठी जगभरच्या हौशी लोकांनी लिनक्स नावाच्या खुल्या प्रणालीचं फर्मवेअर लिहून ठेवलंय, फुकट. मी कित्येक वर्षं त्यांची चर्चा नुसती वाचत आले होते. ऑफिसात असलं काही करायला परवानगी मागितली असती तर नियमांवर बोट ठेवणाऱ्या कॉम्प्लायन्सवाल्यांनी मला चहावर बोलावून घरी पाठवलं असतं. इथे तर खुद्द आयटी हेड हात जोडून उभे.

"रिस्क काय?" सरांनी विचारलं.

"नवीन फर्मवेअर थेट चिपवर चढवलं आणि ते किल्लीच्या जागेवर लिहिलं गेलं, तर सगळं गेलं. कायमचं."

"मग?"

"मग थेट चढवायचं नाही. नवीन लिनक्स आधी पेनड्राइव्हवरून चालवायचं. त्यातून चिपची कॉपी काढायची, किल्ली शोधायची, डिस्क उघडायची. सगळं हाताशी आलं की मग चिपला हात लावायचा."

कृती सोपी होती. पेनड्राइव्ह लावायचा. डब्याच्या मागे रीसेटचं बारीक भोक असतं, त्यात पिन घालून आतलं बटण दाबून धरायचं आणि पॉवर द्यायची. दिवा पिवळा झाला की डबा स्वतःचं डोकं बाजूला ठेवून पेनड्राइव्हचं ऐकायला लागतो. मी आठ वेळा दाबून धरलं आणि आठही वेळा दिवा निळा.

"पेनड्राइव्ह बदलून बघा," सर म्हणाले. मी बदलला. निळा.

"पिन बदला." बदलली. निळा.

"मॅडम, बटणच गेलं असेल तर?"

"सर, तुम्ही जरा गॅलरीत जाऊन उभे राहता का?"

"बाळ्या, भायर हो," आबांनी माझी बाजू घेतली. आमचे आयटी हेड मुकाट्याने गॅलरीत गेले.

मी पिन बाहेर काढून बोटाला लावून बघितली. तिच्या टोकाला काहीतरी तांबडं लागलं होतं. पहिला विचार आला गंजाचा. गंज आत शिरला असेल तर चिपचंही काही खरं नव्हतं. मोबाइलचा टॉर्च लावून भोकात डोकावले. आत काठोकाठ तांबडं भरलेलं आणि मध्ये थोडं पिवळं. वास घेतला. ओळखीचा वास होता.

"आबा, ह्या डब्याला कुंकू कुणी लावलं?"

"मी," आबा अभिमानाने म्हणाले. "दर दसऱ्याक. हळद-कुंकू, झेंडूचो हार. मशीन आसा ना ता? गिरणीत आमी मागाची पूजा करू."

"पण मागच्या बाजूला का?"

"मोटर, वायरी जंय, थंय पूजा. तोच मशीनचो तोंड. आणि कंपनीनच कपाळार बारीक खूण देवन ठेवल्यानी हा. बरोब्बर थंयच लावतंय मी."

मी आधी गप्प बसायचा प्रयत्न केला. जमलं नाही. इतकी हसले की लॅपटॉप मांडीवरून घसरला. गॅलरीतून सर धावत आले, त्यांना वाटलं मी रडतेय. कारण कळल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला आणि मग तेही भिंतीला टेकून हसायला लागले. आबांना आधी राग आला. "हसतास कित्याक?" म्हणता म्हणता तेही हसू लागले. आम्ही बौद्ध. आमच्या घरी मशीनची पूजा कधी झाली नाही, त्यामुळे हे निदान मला स्वप्नातही सुचलं नसतं.

पण हसून बटण सुटणार नव्हतं. पाच-सहा वर्षं ओलं लावलेलं कुंकू थरावर थर बसून आत घट्ट झालं होतं. पाणी वापरायची सोय नाही. मला स्पिरिट हवं होतं.

"माझ्या साखरेच्या सुयेक लागता ता?" आबांनी उशीखालची पिशवी ओढली. इन्शुलिनआधी दंडाला पुसायचे स्पिरिटचे बोळे! मी एक बोळा भोकावर पिळला, थांबले, पिनेने हलकेच उकरलं. परत पिळला, परत उकरलं. स्टुलावरच्या वर्तमानपत्रावर तांबडा चिखल जमत गेला. सहावा बोळा संपता संपता आतून आवाज आला. टक्.

इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण एका बटणाच्या आवाजाने मी कधी टाळी वाजवली नव्हती.

बटण धरून पॉवर दिली. निळा. निळा. पिवळा!

पुढचं काम तासाभराचं होतं आणि ते अगदी कंटाळवाणं, म्हणजे व्यवस्थित झालं. चिपची कॉपी काढली. सरांकडे बघून तिची आणखी एक कॉपी काढली. किल्ली सापडली, डिस्क उघडली. आत फोल्डर होते "नवीन फोल्डर" ते "नवीन फोल्डर सतरा". हे नामकरण आयटी हेडचं.

अकराव्यात गजर सापडला. मी आवाज मोठा केला.

आधी नुसती खरखर. मग पेटी, टाळ, पखवाज आणि दादांचा खणखणीत आवाज. पहिला अर्धा भाग झाला, सगळ्यांना आठवत होता तो. पुढची ओळ सुरू झाली तसे आबा खाटेवर ताठ बसले. त्यांची बोटं मांडीवर वाजायला लागली, आधी हळू, मग जोरात. लय चढत गेली. आणि गजर ऐन रंगात असताना दादा गायचे थांबले.

"भिक्या!" लॅपटॉपमधून दादा ओरडले. "धावतंस खंय? गाडी चुकतली काय तुझी? हळू वाजय!"

आबांची बोटं मांडीवर जागच्या जागी थांबली.

"होय दादा," ते म्हणाले.

कॅसेटमध्ये सगळे हसले, आणि गजर पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. या खेपेला आबांनी मांडीवर संथ ठेका धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. डोळे पुसायलाही हात उचलला नाही. सर पुन्हा गॅलरीत गेले, कुणी न सांगता.

सहाच्या तालमीला चाल पोचली. रविवारी मी घरून, चिंचपोकळीहून, चालत बारी ऐकायला गेले. पखवाजावर आबा होते, गजर पुरा झाला. मंडळाचे लोक म्हणाले, आबांनी लय धरून ठेवल्याचं पहिल्यांदाच पाहिलं.

नवं लिनक्स आता चिपवरच आहे आणि डबा कुणाची परवानगी मागत नाही. भजनांच्या तीन कॉपी आहेत. त्यातली एक माझ्याकडे आहे, कारण सरांवर माझा विश्वास नाही. डब्याच्या वरच्या बाजूला मी एक गोल स्टिकर चिकटवलाय, "टिळा इथे". दसऱ्याला सरांनी फोटो पाठवला. स्टिकरवर कुंकू होतं, आणि भोकाजवळही एक छोटासा ठिपका. खाली आबांचा निरोप होता, जुन्या जागेला वाईट वाटू नये म्हणून.

त्या हौशी लोकांच्या पानावर मी आता या डब्याची कृती लिहून ठेवली आहे. पहिली पायरी अशी: काहीही करण्याआधी भोकात टॉर्च मारून बघा, आणि घरातल्या मोठ्यांना विचारा.