पुठ्ठेबाई आणि तीन रंगांचे बिल्ले

आमच्या शाळेत त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, त्यासुद्धा वर्गाच्या दारात उभ्या राहून "पुठ्ठेबाई, जरा ऑफिसात या" असंच म्हणत. नाव बाईंनी कमावलेलं होतं. बुटांचा खोका दिसला की त्यांचा हात शिवशिवे. एकवीस वर्षांत त्यांनी पुठ्ठ्याचं हृदय केलं, अपूर्णांकांची फिरती चकती केली, उघडझाप करणारी फुप्फुसं केली. त्या कुणाकडे पाहुण्या गेल्या की घरची बाई आधी खोकी कपाटात टाकायची आणि मग पाणी द्यायची.

त्यांच्या पाचवीच्या वर्गात एक मुलगी होती. तिचे वडील पत्र्याचे डबे, पिंपं ठोकून देत. दुकान पुढे, घर मागे. काहीही विचारा, मुलगी मान हलवून म्हणायची, "होय बाई." म्हणून पोरांनी तिचं नाव होयबाई ठेवलं. पण पेपरात बरी होती. पुठ्ठेबाई तक्ता लावायच्या, मग वर्गाकडे वळून सावकाश समजावायच्या, आणि ही एकटक बघत बसायची.

मग शाळेत डिजिटल फळा आला. फळ्याबरोबर एक साहेब आले. तीन दिवस प्रशिक्षण दिलं आणि चौथ्या दिवशी शंका विचारायच्या होत्या, तर तिसऱ्या दिवशी संध्याकाळीच निघून गेले. जाताना फॉर्मांचा गठ्ठा ठेवून गेले. मुलं तीन प्रकारची असतात म्हणे: बघून शिकणारी, ऐकून शिकणारी आणि हाताने करून शिकणारी. देवाने प्रत्येक पोराला डोळे, कान आणि हात तिन्ही दिले होते, पण फॉर्मात खूण एकाच चौकटीत करायची होती. बघणाऱ्यांना निळा बिल्ला, ऐकणाऱ्यांना पिवळा, करणाऱ्यांना लाल. एक मुलगा निरीक्षणाच्या तासाला मच्छर चावल्यामुळे सारखा पाय खाजवत होता. त्याला लाल मिळाला.

सातवा प्रश्न असा होता: शिक्षक बोलत असताना विद्यार्थी कुठे बघतो? फळ्याकडे, शिक्षकाच्या चेहऱ्याकडे, की स्वतःच्या हातांकडे? होयबाईसाठी पुठ्ठेबाईंनी क्षणाचाही विचार न करता चेहऱ्यावर खूण केली. वर कौतुकाने म्हणाल्याही, "माझा शब्द न शब्द पिते पोरगी." फॉर्मच्या हिशेबाने चेहऱ्याकडे बघणारा तो ऐकणारा. पिवळा बिल्ला.

निळे फळ्यासमोर बसले. लाल मणी ओवत बसले. पिवळ्यांना मागच्या भिंतीशी हेडफोन लावून बसवलं. त्यात एक गोड आवाजाची बाई धडे सांगायची. पुठ्ठेबाईंचे तक्ते माळ्यावर गेले.

दोन महिन्यांनी चाचणी झाली. होयबाईला पन्नासपैकी सहा.

"शुक्रवारी वडिलांना बोलावलंय," मोठ्या बाई म्हणाल्या. "चौथीत बसवू. इतकी साधनं देऊनही जमत नसेल तर आपण तरी काय करणार?"

चौथीत तिची धाकटी बहीण होती. दोघी एका बाकावर बसणार, हे घरी कळल्यापासून होयबाई बहिणीच्या दहा पावलं मागून शाळेला येऊ लागली.

पुठ्ठेबाई मात्र मनातून थोड्या खूश होत्या, हे सांगायलाच हवं. "माझे तक्ते काढले ना, भोगा आता!" असं त्यांनी शिक्षकांच्या खोलीत तीनदा ऐकवलं. बुधवारी मधल्या सुट्टीत पुठ्ठ्याचं हृदय माळ्यावरून उतरवलं, धूळ झटकली आणि होयबाईला समोर बसवलं. हृदय भलंमोठं. ते दोन्ही हातांनी तोंडासमोर धरून त्यांनी रक्त कुठून येतं, कुठे जातं, सगळं सांगितलं.

"कळलं?"

"होय बाई."

"मग सांग, अशुद्ध रक्त कुठल्या बाजूला येतं?"

"होय बाई."

पुठ्ठेबाईंचा चेहरा पडला. एकवीस वर्षांचं हृदय काखोटीला मारून त्या मुकाट निघून गेल्या.

गुरुवारी पिवळ्या गटात गोंधळ झाला. एकेक पोर हेडफोन काढून ओरडायला लागलं, "बाई, आवाज येत नाही!" पुठ्ठेबाईंनी मागे जाऊन बघितलं तर सगळ्यांच्या वायरी ज्या डबीत जात होत्या, तिचीच पिन निघालेली. सगळी पोरं बोंबलत होती. होयबाई तेवढी हेडफोन लावून शांत बसली होती, अधूनमधून मान हलवत.

पुठ्ठेबाई तिच्या पाठीमागे उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाळ." मग जरा मोठ्याने. मग जोरात टाळी वाजवली. पुढचा सगळा वर्ग दचकून मागे वळला. तिने काही वळून पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी बाईंनी देवापुढे दिवा लावला आणि नेहमीसारखं काही मागितलं नाही. फक्त म्हणाल्या, "खूण मीच केली होती."

शुक्रवारी ऑफिसात वडील होयबाईला घेऊन आले. हातांवर पत्र्याचे ओरखडे, बोलणं इतकं मोठं की टेबलावरचे कागद हलावेत.

"तिला ऐकू कमी येतं," पुठ्ठेबाई म्हणाल्या.

मोठ्या बाईंनी फाईल उघडली. "काहीतरीच काय? हिचा बिल्ला पिवळा आहे. ऐकणाऱ्या गटातल्या मुलीला ऐकू कसं येणार नाही?"

"आमच्याकडे कधी जाणवलं नाही बाई," वडील म्हणाले. "दिवसभर हातोडा चालतो. आम्ही सगळेच ओरडून नाहीतर हातवारे करून बोलतो. हिला आमच्यात सगळ्यात आधी कळतं."

"बघा," मोठ्या बाई म्हणाल्या आणि सहीचा कागद पुढे सरकवला.

पुठ्ठेबाईंनी टेबलावरचं हजेरीपुस्तक उचललं, तोंडासमोर धरलं आणि मुलीला विचारलं, "तुला चौथीत पाठवू?"

"होय बाई," मुलगी म्हणाली.

"घ्या, तीच म्हणते!" मोठ्या बाई म्हणाल्या.

पुठ्ठेबाईंनी हजेरीपुस्तक खाली घेतलं. तेच शब्द, त्याच आवाजात. "तुला चौथीत पाठवू?"

मुलीचे डोळे भरून आले. "नको बाई! नको, मी अभ्यास करीन!"

वडिलांनी पेन टेबलावर ठेवलं. मग पहिल्यांदाच हळू आवाजात, पण तिच्याकडे तोंड करून विचारलं, "अगं, सांगितलं का नाहीस?"

"सगळे तोंड बघूनच ऐकतात ना?" ती म्हणाली.

सहीचा कागद परत फाईलमध्ये गेला. मुलगी पाचवीतच राहिली. पुढच्या आठवड्यात कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. एका कानाने जवळजवळ काहीच नाही, दुसऱ्याने थोडं. यंत्र बसणार होतं, पण त्याला वेळ होता. तोवर काय करायचं, म्हणून पुठ्ठेबाईंनी फळ्याचं माहितीपुस्तक घरी नेऊन वाचलं. आमच्यापैकी कुणीच ते उघडलं नव्हतं. त्यात एक बटण निघालं, दाबलं की बोललेलं सगळं चित्राखाली अक्षरात उमटायचं. बटण होतं रिमोटवर, आणि रिमोट खराब होऊ नये म्हणून मोठ्या बाईंनी प्लास्टिकसकट कपाटात ठेवला होता.

अक्षरं उमटली तशी होयबाई तर वाचू लागलीच, पण निळे, पिवळे, लाल सगळेच खुर्च्या ओढून पुढे येऊन बसले. पाय खाजवणारा मुलगा तर मोठमोठ्याने वाचायला लागला. पुठ्ठेबाई दाराशी उभ्या राहून बघत होत्या. "बरं शिकवतो मेला," एवढंच म्हणाल्या. त्यांच्या तोंडून यंत्राला याहून जास्त शाबासकी मिळणं शक्य नव्हतं.

आता फॉर्म दुरुस्त करणं आलं. मोठ्या बाई चष्मा लावून बसल्या. "मग हिला कुठला बिल्ला देऊ? निळा?"

"बिल्ला राहू द्या," पुठ्ठेबाई म्हणाल्या. "तिला पहिल्या बाकावर खिडकीकडे पाठ करून बसवा. तिथून उजेड माझ्या तोंडावर येतो."

"अहो, पण याला फॉर्मात रकाना कुठाय? लिहू कुठे मी?"

"मागच्या बाजूला लिहा," पुठ्ठेबाई म्हणाल्या. "कोरी आहे."