पाचवी पुडी

डॉक्टरांनी शैलाच्या पाठीवरची चिकटपट्टी एका कोपऱ्यातून उचलली आणि हळूहळू सोलून काढली. खाली पेननं आखलेले पाच चौकोन होते. चार चौकोनांतली कातडी आजूबाजूच्या कातडीसारखीच होती. पाचवा चौकोन लाल होऊन वर आला होता आणि त्यात मोहरीएवढे पाण्याचे फोड होते.

"ॲलर्जिक कॉन्टॅक्ट डर्मटायटिस," डॉक्टर म्हणाले. मग माझ्याकडे वळून त्यांनी सोपं करून सांगितलं, "अंगाला लागलेली एखादी वस्तू शरीराला सोसत नाही. ते तिच्याशी भांडतं आणि ते भांडण कातडीवर दिसतं. तुमच्या मुलीचं भांडण पाच नंबरशी आहे."

माझ्या खिशात एक कोरा कागद घडी करून ठेवलेला होता. त्यावर डॉक्टरांच्या हातून बाजारात पाला विकणाऱ्या सोनाआक्काचं नाव लिहून घ्यायचं, खाली सही आणि शिक्का, आणि तडक फौजदाराकडे जायचं, असं मी ठरवून आलो होतो. गेले दीड महिने मी याच एका गोष्टीवर जगत होतो.

डॉक्टरांनी वही उघडून पाचव्या पुडीत काय होतं ते पाहिलं.

"हळद," ते म्हणाले.

ज्यांच्या घरात वयात आलेली मुलं आहेत आणि चेहऱ्यावरच्या मुरमांसाठी वाटीत काहीतरी कालवलं जातं, त्यांच्यासाठी मी हे लिहितो आहे. औषध कोणतं ते मी सांगणार नाही, तो माझा अधिकार नाही. माझ्या हातून काय झालं तेवढं सांगतो.

आमचं गाव पलूसजवळ. मी सांगलीला एका हळदीच्या पेढीवर ढोल चालवायचो. शिजवून वाळवलेली हळकुंडं त्या मोठ्या लोखंडी ढोलात घालून फिरवली की वरची साल घासून जाते आणि हळकुंड गुळगुळीत होतं. त्याला पॉलिश म्हणतात. अकरा वर्षं मी ते केलं. पॉलिशच्या शेवटी ढोलात एका डब्यातला पिवळा रंग जायचा, म्हणजे हळकुंड उजळ दिसायचं आणि भाव चांगला यायचा. तो रंग मोजून घालायचं काम माझं होतं.

शैला माझी थोरली. दुष्काळानंतरचं दुसरं वर्ष, ती मॅट्रिकला होती. तिचा चेहरा तेलकट. सकाळी धुतला तरी दुपारी वहीचं पान गालाला लागलं की पानावर डाग उमटायचा. कपाळावर, गालांवर मुरमं आणि ती फोडून झालेले काळे डाग. वर्गातली पोरं तिला "ए कढई" म्हणायची. ती पदरात तोंड गुंडाळून शाळेत जाऊ लागली. मग पोट दुखतंय म्हणून घरीच राहू लागली. परीक्षा तीन महिन्यांवर आली होती.

आमच्या गावच्या रविवारच्या बाजारात सोनाआक्का नावाची म्हातारी चिंचेखाली टोपली घेऊन बसायची. कडुलिंबाचा पाला, वाळवलेल्या संत्र्याच्या साली, मुलतानी माती, मसुराचं पीठ, असला माल. बायका तिच्याशी चार गोष्टी बोलायच्या आणि पुडी बांधून न्यायच्या. माझी बायको शांता शैलाला घेऊन तिच्याकडे गेली.

आक्कानं शैलाची हनुवटी धरून तोंड उन्हाकडे वळवलं. शांतानं मला नंतर जसंच्या तसं सांगितलं. "लय घासतीस व्हय गं तोंड? घासू नगंस. जेवढं घासशील तेवढं त्याल सुटंल. ह्ये चारी दह्यात कालवून लाव, आठवड्यातनं दोनदा. चिमूटभर हळद घाल, पर घरची. बाजारची न्हाई. आणि आधी कोपराच्या घडीत लावून दोन दिस बघ."

घरची हळद म्हणजे शांताच्या माहेरची. मातकट, मळलेली दिसायची. ती वाटीत पडलेली पाहून मला कमीपणा वाटला. मी पेढीवरून पुडी बांधून आणली होती. पिवळीजर्द. लेकीच्या तोंडाला लावायची तर चांगली लावावी, असं मला वाटलं.

शांता म्हणाली, "आवं, आक्का घरचीच घाल म्हणालीया."

"तुझ्या आक्काला काय कळतंय हळदीतलं?" मी म्हणालो. "अकरा वर्षं ढोल फिरवतोय मी."

कोपराच्या घडीतलं आक्काचं सांगणंही मीच हसण्यावारी नेलं.

पहिल्या दोन वेळा काही झालं नाही. तिसऱ्या वेळी रात्रभर शैलाचं तोंड खाजत होतं. सकाळी तिचे डोळे उघडेनात. गालांची सूज कानांपर्यंत गेली होती आणि त्यातून पाणी गळत होतं. तिनं चाचपडत माझा हात धरला आणि विचारलं, "आण्णा, माझं तोंड हाय न्हवं?"

तिला एस.टी.नं सांगलीला नेऊन दवाखान्यात भरती केलं. आठ दिवस. मिठाच्या गार पाण्यात भिजवलेली फडकी दर तासाला तोंडावर ठेवायची, स्टेरॉइडच्या गोळ्या, आणि जखमा चिघळू नयेत म्हणून इंजेक्शन. नर्सनं भिंतीवरचा आरसा काढून नेला. आम्ही काही बोललो नव्हतो, तिचं तिलाच कळलं.

आता मुख्य गोष्ट. ती सूज बघितल्या क्षणी माझ्या मनात ढोलातला रंग येऊन गेला होता. मी तो विचार तिथंच दाबला. दाबायला जड काहीतरी लागतं. मी सोनाआक्काचा राग घेतला.

शैला दवाखान्यात असतानाच्या रविवारी मी बाजारात गेलो. आक्का एका बाईला साली मोजून देत होती. मी तिची टोपली लाथेनं उडवली. मुलतानी माती चिखलात गेली, पाला लोकांच्या पायांखाली गेला. "हिनं माझ्या लेकीचं तोंड जाळलं!" मी ओरडत होतो. "हिच्याकडनं एक पान जरी कुणी घेतलं तर बघून घेईन!" माणसं जमली. कुणीतरी तिला चेटकीण म्हणालं. मी ते थांबवलं नाही. मला बरं वाटलं. अंगात ताकद आल्यासारखं वाटलं, हे मी खरं सांगतो.

आक्का रडली नाही. खाली बसून तिनं पाला गोळा केला आणि म्हणाली, "गड्या, त्या वाटीत तू काय घातलंस, त्ये आधी घरात इचार."

एवढ्या लोकांत ती मला उलटून बोलली, याचाच मला जास्त राग आला. पुढच्या रविवारी चिंचेखालची जागा रिकामी होती. त्याच्या पुढच्याही. बाजारातून येताना मी मुद्दाम तिकडून यायचो, रिकामी जागा बघायला.

पण तेवढ्यानं माझं भागेना. तिला पोलिसांनी न्यावं असं मला वाटत होतं. चेहरा निवळल्यावर डॉक्टर म्हणाले, "आता पॅच टेस्ट करू. जे जे लावलं ते ते सगळं थोडं थोडं आणा. प्रत्येकाचा कण पाठीवर चिकटवून दोन दिवस ठेवायचा. जे दोषी आहे ते स्वतःच कबूल करेल." मला आनंद झाला. आक्काच्या चार वस्तूंच्या चार पुड्या मी स्वतः बांधल्या आणि पिशवीत ठेवल्या.

चारच.

डॉक्टरांच्या टेबलावर पिशवी उपडी केली तेव्हा पुड्या पाच निघाल्या. पाचवी शांतानं टाकली होती. मी तिच्याकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती. तिथंच ती पुडी उचलून खिशात घालता आली असती. पण डॉक्टरांनी तोवर पाचही पुड्या आपल्याकडे ओढल्या होत्या.

दोन दिवस आम्ही शांताच्या मावशीकडे सांगलीतच राहिलो. शैलानं अंघोळ करायची नव्हती, पाठ टेकायची नव्हती. ती पालथी पडून भूगोल पाठ करायची. त्या दोन दिवसांत शांता माझ्याशी जेवणापुरतं बोलली. आणि मग ती पट्टी निघाली.

"हळद," डॉक्टर म्हणाले. "शुद्ध हळद असं क्वचितच करते. ही कुठली?"

"घरची," मी म्हणालो.

मागून शांताचा आवाज आला. "न्हाई डॉक्टर. घरची माझ्या डब्यात तशीच हाय. ही ह्यांनी पेढीवरनं आणल्याली."

शैला पाठमोरी बसली होती, पाठ अजून उघडीच. तिच्या पाठीकडे बघत मी सगळं सांगितलं. ढोल, डबा, माप, सगळं. डॉक्टरांनी मध्येच विचारलं, "हे लोक खातात?" मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला आठवत नाही.

"असल्या रंगात बहुतेक क्रोमियम आणि शिसं असतं," ते म्हणाले. "पहिल्या एकदोन वेळी शरीर त्याची नुसती ओळख करून घेतं. नंतर बंड करतं. बाकीच्या चार वस्तूंचा यात काही दोष नाही. हे ज्यानं सांगितलं, त्यानं चुकीचं काही सांगितलेलं नाही."

शैलानं पोलक्याची बटणं लावली. माझ्याकडे वळून म्हणाली, "आक्काला जाऊन सांगा. तोवर माझ्याशी बोलू नगा." त्या दिवसानंतर तिनं मला आण्णा अशी हाक मारली नाही.

पहिल्यांदा मी पेढीवर गेलो. रंगाचा डबा मालकाच्या तोंडावर फेकायचा, असं मनाशी घोकत गेलो. मालक गादीवर होता. सगळं ऐकून घेऊन शांतपणे म्हणाला, "लेकीचं ऐकून वाईट वाटलं. पण माप कोण घालत होतं?" डबा माझ्या हातातच राहिला. मी काम सोडलं. आज कुपवाडला एका वर्कशॉपमध्ये आहे. मालकाचं नाव इथं लिहून सूड घ्यावा असं कितीदा वाटलं. लिहीत नाही, कारण ते लिहिलं की माझं ओझं हलकं होईल. भाचीच्या लग्नात हळद लावायला पुडी मीच पाठवली होती. गावातल्या कितीतरी नवऱ्या मुलींना मीच दिली होती, मोठ्या मानानं.

मग आक्काच्या दारात गेलो. ती उखळात साली कुटत होती. मी पाया पडायला वाकलो तशी तिनं पाय आखडून घेतले.

"पाया पडून सात बाजार भरून येत्यात व्हय रं?"

"आक्का, चुकलं माझं."

"त्ये मला तवाच ठावं हुतं. मला सांगून काय उपेग? बाजारात वरडलास तवा काय कानात वरडला हुतास?" ती मुसळ आपटत राहिली. "सात रविवार बसले न्हाई मी. आता सात रविवार तू बसायचं, माझ्या टोपलीम्होरं. इचारंल त्याला सांगायचं. न इचारंल त्यालाबी सांगायचं. आवाज त्योच काढायचा, त्या दिसाचा."

मी बसलो. पहिल्या रविवारी आवाज फुटेना. आक्का मागून म्हणाली, "मोठ्यानं. घसा बसला व्हय?" बायका थांबून ऐकायच्या. एकीनं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्यासमोर थुंकली. तिच्या लेकीच्या लग्नात हळद माझी होती. पुरुष लांबून हसायचे, "काय गड्या, पाला कसा दिला?" प्रत्येक रविवारी आक्का मला एक भाकरी द्यायची आणि स्वतः पाठ करून बसायची. तिनं मला माफ केलं, असं मी म्हणणार नाही. तिनं हिशेब पुरा वसूल केला आणि तो योग्यच होता.

मधल्या काळात शैलानं परीक्षा दिली. चेहरा निवळला होता, पण डाव्या गालावर तळहाताएवढा काळा डाग राहिला. सूज उतरल्यावर राहणाऱ्या डागाला डॉक्टर पोस्ट-इन्फ्लमेटरी हायपरपिगमेंटेशन म्हणाले. वर्षादोन वर्षांत फिका होईल, कदाचित थोडा राहील, उन्हापासून जपा, लिंबू लावून उन्हात जाऊ नका, नवं काहीही लावण्याआधी कोपराच्या घडीत दोन दिवस लावून बघा. शेवटचं ऐकताना शांता माझ्याकडे बघत होती.

सातव्या रविवारी एक परगावची बाई टोपलीपाशी थांबली. पाला हातात घेऊन म्हणाली, "ह्या म्हातारीच्या औषदानं एका पोरीचं त्वांड जळलं म्हणत्यात, खरं व्हय?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात मागून शैला आली. पदर खांद्यावर होता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ती उघड्या तोंडानं बाजारात आली होती. तिनं डावा गाल त्या बाईकडे केला.

"ती पोरगी मीच," ती म्हणाली. मोठ्यानं, चार टोपल्यांपलीकडं ऐकू जाईल असं. "आणि ह्यो डाग आक्काचा न्हाई. ह्यो आमच्या आण्णांचा हाय."

बाजारातली माणसं माझ्याकडे बघू लागली. मी मान खाली घातली नाही. दवाखान्यानंतर पहिल्यांदाच तिच्या तोंडून तो शब्द मी ऐकत होतो.

आक्का मागं हसली. त्या बाईनं साली घेतल्या.

शैलानं पायानं माझी चप्पल बाजूला सारली. "आण्णा, सरका जरा," ती म्हणाली आणि टोपलीपाशी बसली.